ग्रुप वर-खाली फाटतोय? बॅरलला डॅम्पनर लावण्याआधी हे तपासा

रायफल नेमबाजीत तक्रार साधारण अशी असते. ग्रुपची, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या भोकांच्या पुंजक्याची, आडवी बाजू ठीक आहे, पण शॉट वर-खाली पडतात. चार दिवस ग्रुप गोळा होतो, पाचव्या दिवशी परत उभी रेघ. मग कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतं आणि प्रश्न येतो, "सर, बॅरलला (नळीला) व्हायब्रेशन डॅम्पनर, म्हणजे थरथर कमी करणारं साधन, लावू का?" सोलापुरात १० मीटर एअर रायफल मारणारी शाळकरी मुलं हे विचारतात, त्यांचे आई-वडील विचारतात, आणि .२२ (काडतुसाची छोट्या बोअरची रायफल) घेऊन ५० मीटरच्या सरावाला पुण्यात बालेवाडीला जाणारे मोठे नेमबाजही विचारतात. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं, तेव्हापासून खर्चाला तयार असलेले पालक मला जास्त भेटतात. त्यांचे पैसे योग्य जागी लागावेत म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी थेट उत्तर. १० मीटर एअर रायफलवर डॅम्पनरने ग्रुप सुधारेल अशी आशा ठेवू नका. ५० मीटरच्या .२२ वर नळीच्या तोंडाशी बसणारा, मागे-पुढे सरकवता येणारा वजनी ट्यूनर खरोखर फायदा देऊ शकतो, पण एकाच प्रकारच्या दोषावर आणि बाकी सगळं जागेवर असेल तरच. नळीवर चढवायची रबरी रिंग या दोन्हींपेक्षा कमी उपयोगाची. बहुतेक वेळा दोष दुसरीकडेच असतो आणि डॅम्पनर लावणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं होतं.

नळी थरथरते, पण कधी?

बॅरल मागच्या बाजूने ॲक्शनमध्ये (गोळी भरून उडवणाऱ्या यंत्रणेत) पक्कं धरलेलं असतं आणि पुढचं टोक मोकळं असतं. गोळी सुटताना ते वाकतं, सरळ होतं, थरथरतं. हे खरं आहे आणि नवीनही नाही. मॅलक नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९०१ मध्ये रायफलीच्या नळीच्या कंपनांवर रॉयल सोसायटीत निबंध मांडला होता. प्रश्न एवढाच, की गोळी नळीत असेपर्यंत त्यातलं किती घडतं?

हिशोब करून बघा. २२ मिमी जाड आणि ६६० मिमी लांब पोलादी दांडा एका टोकाला धरला, तर त्याचं सगळ्यात मूळ कंपन सेकंदाला साधारण ३६ वेळा होतं. म्हणजे एका फेऱ्याला २७-२८ मिलिसेकंद लागतात. त्याच्या वरचं कंपन सव्वासहा पट जलद, सेकंदाला सुमारे २२५ वेळा. .२२ ची मॅच गोळी नळीत असते साधारण ३ मिलिसेकंद. तेवढ्यात मूळ कंपनाचा जेमतेम दहावा भाग होतो, आणि वरच्या कंपनाचाही एक फेरा पूर्ण होत नाही.

रबर कंपन शोषतं ते प्रत्येक फेऱ्यात थोडं थोडं. इथे पूर्ण फेराच होत नसेल तर ते शोषणार काय? रबरी रिंग लावल्यावर शॉटनंतरची झिणझिण कमी होते, आवाज दबका वाटतो, हाताला रायफल शांत वाटते. हा अनुभव खोटा नाही. पण तो गोळी गेल्यानंतरचा आहे. रिंगेने जो काही फरक टार्गेटवर दिसतो तो मुख्यतः तिच्या वजनाचा असतो, रबराचा नाही.

वजनाचं तसं नाही. नळीच्या टोकाला दीडशे-दोनशे ग्रॅम वजन बसवलं, की टोक किती वेगाने आणि कुठल्या दिशेने हलतं ते पहिल्या क्षणापासून बदलतं. वजन पुढे-मागे सरकवलं की परत बदलतं. ट्यूनरचं काम हे. तो कंपन थांबवत नाही. गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचं तोंड कुठे बघत असेल, ते तो बदलतो.

यातून फायदा कसा होतो? एकाच डब्यातल्या गोळ्यांचा वेग थोडा वेगवेगळा असतो. जलद गोळी आधी बाहेर पडते, संथ गोळी किंचित उशिरा. त्या क्षणांत नळीचं तोंड वर जात असेल, तर संथ गोळीला थोडा जास्त वरचा कोन मिळतो आणि वाटेत ती जे जास्त पडणार ते भरून निघतं. दोघी जवळपास एकाच जागी लागतात. आपल्या पोलिसांच्या हातात कित्येक दशकं असलेल्या .३०३ ली-एनफिल्डचा हा गुण लांब पल्ल्यावर प्रसिद्ध होता. १९९० च्या दशकात ब्राउनिंग कंपनीने शिकारी रायफलींवर नळीच्या तोंडाशी फिरवून जुळवायचं असंच साधन आणलं, आणि .२२ च्या बेंचरेस्टमध्ये (रायफल टेबलावर टेकवून मारायच्या प्रकारात) तर ट्यूनर सर्रास दिसतो.

आता हे नीट लक्षात घ्या: ही भरपाई फक्त वेगातल्या फरकामुळे होणाऱ्या उभ्या पसाऱ्याची आहे. आडव्या पसाऱ्याला ट्यूनरचं औषध नाही. वाकडा धरलेला रायफलीचा कोन, झटक्याने ओढलेला ट्रिगर, वारा, यातलं काहीही तो दुरुस्त करत नाही. आणि ५० मीटरला जुळवलेला ट्यूनर १०० मीटरला तितकाच बरोबर असेल असंही नाही, कारण तिथे गोळी किती जास्त पडते तो हिशोबच वेगळा.

वेगातला फरक टार्गेटवर किती दिसतो

.२२ ची मॅच गोळी साधारण ३२७ मीटर सेकंदाला निघते. ५० मीटर जाईपर्यंत ती नळीच्या रेषेपासून सुमारे १२ सेंटीमीटर खाली येते. वेगात १० मीटरचा फरक पडला तर टार्गेटवर ७-८ मिमीचा उभा फरक. गुण दशांशात मोजतात आणि अगदी मधोमध लागलं तर १०.९. ५० मीटरच्या टार्गेटवर एका दशांशाला ०.८ मिमी, म्हणजे मधोमध जाणारी १०.९ ची गोळी थेट १०.० च्या काठावर. इथे ट्यूनरला काम आहे.

एअर रायफलचं पेलेट (छोटा छर्रा) साधारण १७० मीटर सेकंदाला निघतं आणि १० मीटरमध्ये जेमतेम १८ मिमी पडतं. वेगात ५ मीटरचा फरक पडला, जो चांगल्या रायफलीत पडता कामा नये, तर टार्गेटवर १ मिमीच्या आसपास. इथे एका दशांशाला ०.२५ मिमी, म्हणजे चार दशांश गेले. फायनलमध्ये चार दशांश ही मोठी गोष्ट आहे, मान्य. पण एअर रायफलमध्ये वेग बदलत असेल तर रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग), सिलिंडर किंवा पेलेट बघायचं असतं. तिथला दोष तिथेच मिटतो. शिवाय नव्या मॅच एअर रायफलींत झडपेचा छोटा धक्का शोषून घेणारा भाग आतच बसवलेला असतो. आणि एखाद्या मुलाचे शॉट ९.२ ते १०.८ मध्ये वर-खाली फिरत असतील, तर तो ४ मिमीचा पसारा आहे. एवढा फरक नळीच्या थरथरीतून येत नाही.

पहिली पायरी: दोष नेमबाजात की रायफलीत?

हे न ठरवता काहीही विकत घेऊ नका.

क्लबमध्ये स्कॅट (नेम टार्गेटवर कसा फिरतो त्याची रेषा संगणकावर दाखवणारं यंत्र) असेल तर काम सोपं. पण त्यातही खऱ्या शॉटसह मारायचं, नुसतं ड्राय (गोळीविना) नाही. सुटण्याच्या क्षणी रेषा १०.५ वर आहे आणि भोक ९.८ ला खाली पडलंय, असं वारंवार होत असेल तर रायफल किंवा पेलेट. रेषाच ९.८ ला खाली असेल तर जगातला कुठलाही डॅम्पनर ते वर आणणार नाही.

स्कॅट नसेल तर रायफल टेबलावर टेकवून मारा. वाळूच्या पिशव्या चालतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडून साधं स्टँड बनवून घेता येतं, फक्त एक पथ्य पाळा: पकड स्टॉकला (रायफलीच्या दांड्याला) असू द्या, नळीला नको. नळीच धरून ठेवली तर तिचं कंपन बदलतं आणि जे तपासायचं तेच हातातून जातं. नव्या मॅच रायफलीबरोबर कारखान्यातलं टेस्ट कार्ड येतं, त्यावर पाच-दहा शॉटचं एकच भोक असतं. ते कार्ड बहुतेकांच्या केसमध्ये खालच्या फोमखाली पडलेलं सापडतं. टेबलावरचा ग्रुप त्याच्या जवळपास येत असेल, तर रायफल निर्दोष आहे.

माझ्या अनुभवात एअर रायफलच्या तक्रारी बहुतेक इथेच संपतात. रायफल एका भोकात मारते आणि मूल उभं राहिलं की रेघ पडते. मग बघायचं ते हे: शॉट नेहमी एकाच श्वासावर सुटतो का? .२२ झोपून मारताना छातीत हवा कमी-जास्त असेल तर नळी सरळ वर-खाली जाते, आणि भोकांची रेघ अगदी घड्याळातल्या बारा ते सहासारखी उभी येते. गाल दरवेळी त्याच दाबाने टेकतो का? चीकपीसचा (गाल टेकवायच्या भागाचा) स्क्रू पाव फेरा सैल झाला तरी डोळ्याची उंची बदलते. .२२ झोपून किंवा गुडघ्यावर मारताना स्लिंग (रायफल हाताला बांधणारा पट्टा) घामाने ताणली जाते का? मार्चनंतर सोलापुरात हा मोठा प्रश्न आहे. पत्र्याच्या शेडमध्ये, जाड जॅकेट घालून, बाहेर ४० च्या वर तापमान. पहिल्या वीस शॉटनंतर कॅनव्हास मऊ पडतं, स्लिंग घसरते, डावा कोपर खाली जातो आणि शॉटही. साठ शॉटच्या मॅचमध्ये शेवटचे पंधरा-वीसच खाली पडत असतील तर कारण दमणूक आहे. एअर रायफलला साडेपाच किलोपर्यंत परवानगी असली, तरी बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात तितकं वजन देणं बरोबर नाही. त्यात वर डॅम्पनरचं वजन लावायला निघणं तर उलटंच.

दोष रायफलीत निघाला तर: एअर रायफल

रेग्युलेटर आधी. खूण अशी: दहा मिनिटं थांबून मारलेला पहिला शॉट वेगळ्या उंचीवर पडतो आणि पुढचे जागेवर येतात. थांबलेल्या वेळात आतला दाब हळूहळू सरकत असतो. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) मिळाला तर लगेच दिसतं, नाही मिळाला तर टेबलावर हाच प्रयोग तीन-चारदा करा. रेग्युलेटर घरी उघडायचा नाही. आत उच्च दाबाची हवा असते, ते काम प्रशिक्षित आर्मररचं (बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं).

सिलिंडरचा दाब वाचतानाही उन्हाचा हिशोब ठेवा. २० अंशांना २०० बार भरलेलं सिलिंडर ४० अंशांना २१३-२१४ बार दाखवतं. उन्हात उभ्या गाडीत ६० अंश झाले तर २२७ च्या आसपास. पुण्याला जाताना सिलिंडर गाडीच्या डिकीत ठेवून वाटेत जेवायला थांबणारे लोक आहेत. असं करू नका. सिलिंडरवर छापलेली मुदत संपलेली असेल तर ते वापरातूनच काढा, मग ग्रुप कितीही छान येवो.

पेलेट. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा वेगवेगळा मिळतो आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी. टेबलावर तीन-चार आकार मारून बघा. याचा खर्च डॅम्पनरपेक्षा कमी आणि फरक बहुधा जास्त. डब्यातले तळाचे, दबलेले स्कर्ट (मागची पोकळ कड) असलेले पेलेट सरावात मारतात आणि ग्रुप फाटला म्हणून रायफलीला दोष देतात, हेही पाहतो.

मग स्क्रू: नळी धरणारे, स्टॉकचे, मागच्या साइटचे (नेम धरायच्या भागाचे), पुढच्या साइट-ट्यूबचे. ट्यूब हातात धरून हळूच हलवा, किंचित खेळ जाणवला तर कारण सापडलं. "चार दिवस बरं, परत तेच" या प्रकारात सैल स्क्रू फार वेळा निघतो. कुणीतरी घट्ट करतं, ग्रुप येतो, तो परत सैल होतो. उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोराने) आवळा आणि आवळल्याची तारीख वहीत लिहा.

दोष रायफलीत निघाला तर: .२२

इथे पहिला संशय गोळीच्या लॉटवर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालावर. कंपनी एले असो, लापुआ असो की आरडब्ल्यूएस, एकाच नावाच्या डब्यांत दोन लॉट एकाच नळीत वेगळे वागतात. म्हणून तर हे उत्पादक नेमबाजांच्या रायफली प्रत्यक्ष लावून लॉट तपासून देण्याची सोय ठेवतात. आपल्याला तिथे जाणं परवडत नसलं, तरी हातातल्या लॉटचे क्रमांक वेगळे ठेवून मारणं फुकट आहे. ब्रँड बदलला तर पहिले काही शॉट ग्रुपमध्ये धरू नका. आधीच्या गोळीचा मेणचट थर नळीत असतो आणि नव्या गोळीचा बसायला वेळ लागतो.

चेंबरच्या पुढे कार्बनचं कडं जमतं. रिमफायरमध्ये (.२२ सारख्या, कडेवर ठोका बसणाऱ्या काडतुसात) ते हमखास होतं आणि वरवरच्या सफाईने जात नाही. एकेकाळी छान मारणारी रायफल हळूहळू बिघडली असेल तर आधी हे बघा.

उष्णता इथेही आहे. गोळ्यांचा डबा उन्हात तापला की वेग बदलतो. सकाळी सावलीत झीरो करायचं (साइट मध्यावर जुळवायची) आणि दुपारी तापलेल्या डब्यातून मारायचं, मग उंची सरकणारच. डबा सावलीत, जाड कापडाखाली ठेवा.

हे सगळं करूनही उभा पसारा राहिला, आडवा मात्र आटोक्यात आहे, आणि क्रोनोग्राफवर खालचे शॉट संथ आणि वरचे जलद असा मेळ दिसतोय, तर तुमची रायफल ट्यूनरसाठी योग्य आहे. हा मेळ नसेल तर ट्यूनरकडून अपेक्षा ठेवू नका.

लावलाच तर फायदा झाला हे कसं ओळखायचं

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून थोडं थांबतो. लोक ट्यूनर लावतात, पाच शॉट मारतात, भोक लहान दिसलं की "जमलं" म्हणतात. पाच शॉटचा ग्रुप हा अतिशय चंचल आकडा आहे. रायफलीत काहीही न बदलता पाच-पाचचे दहा ग्रुप मारा, त्यातला सर्वात मोठा सर्वात लहानाच्या दुप्पट निघणं अगदी नेहमीचं आहे. मग ट्यूनरच्या दहा जागांवर एकेक ग्रुप मारून "सातव्या खुणेवर बसला" म्हणण्यात अर्थ काय? तो ग्रुप योगायोगाने लहान आला असेल, आणि म्हणूनच तो चार दिवसांनी परत फाटतो.

चाचणी अशी करा. टेबलावर, एकाच लॉटने, दहा शॉट ट्यूनरसह आणि दहा त्याच्याविना, असं आलटून पालटून. एका बाजूला किमान चाळीस-पन्नास शॉट झाले पाहिजेत. तेवढे झाल्यावरही उभ्या पसाऱ्याचा आकडा दहा टक्के इकडेतिकडे असू शकतो, त्यामुळे पाच-दहा टक्क्यांची सुधारणा दिसली तर ती धरू नका. मापताना सगळ्यात लांबची दोन भोकं नकोत, प्रत्येक शॉटची उंची घ्या. इलेक्ट्रॉनिक टार्गेट ती आपोआप देतं. कागदावर मारत असाल तर पट्टी घेऊन बसा. ट्यूनर लावल्यावर ग्रुपची जागा सरकेल, त्याने घाबरू नका, साइट फिरवून मध्यावर आणा आणि पसारा तेवढा बघा.

एक प्रामाणिक फायदा सांगायलाच हवा. कधीकधी टेबलावर काहीच फरक पडत नाही, पण खांद्यावर घेतल्यावर गुण वाढतात. पुढे आलेल्या वजनाने रायफल कमी डोलते, शॉट सुटल्यावर नळी जागेवर राहते. हा तोलाचा फायदा आहे आणि तो खरा आहे. तसं असेल तर महागडा डॅम्पनर कशाला, साधं क्लँपचं वजन तेच काम करतं, हवं तिथे सरकवता येतं.

नियम आणि कायदा

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत मझल ब्रेक, कॉम्पेन्सेटर (नळीच्या तोंडाशी वायू वळवून धक्का किंवा उसळी कमी करणारी साधनं) आणि भोकं पाडलेली नळी किंवा ट्यूब चालत नाही. रायफलीचं डोलणं सक्रियपणे कमी करणारी यंत्रणाही चालत नाही. साधी वजनं आणि ट्यूनर यांबाबत स्पर्धेच्या आधी उपकरण तपासणीत रायफल दाखवून घ्या, मॅचच्या सकाळी नव्हे.

आणि .२२ च्या नळीवर आटे पाडून घ्यायला ती लेथवर नेऊ नका. कारागीर कितीही कुशल असो, परवान्यावरच्या बंदुकीत असा बदल परवानाधारक गनस्मिथनेच करायचा. चुकीचे आटे पडले तर नळीचं तोंड बिघडतं, आणि तिथे केसाएवढा ओरखडाही ग्रुप कायमचा फाडतो. आट्यांशिवाय नळीवर आवळून बसणारे ट्यूनर मिळतात, तेच घ्या. आवळताना दोन्ही स्क्रू सारखे, थोडे थोडे, टॉर्क रेंचने. बसल्यावर नळीवर पेन्सिलीने खूण करा आणि प्रत्येक सरावाआधी ती बघा. ट्यूनर अर्धा मिलिमीटर सरकला तरी आधीची सगळी जुळणी गेली.

एवढ्यावरही रेघ उभीच येत असेल, तर रायफल आर्मररकडे पाठवा आणि सोबत हे द्या: टेबलावरचे ग्रुप, लॉट किंवा पेलेटचा आकार, शॉट मारतानाचं तापमान, सिलिंडरचा दाब, आणि स्क्रू आवळल्याच्या तारखांची वही. नुसतं "ग्रुप येत नाही" एवढंच कळवलं तर त्यालाही सगळं पहिल्यापासून तपासावं लागतं, आणि तोवर मुलाचा महिन्याभराचा सराव बुडतो.